आधी मोटर, मग वर्गमूळ: शाळा सुटलेल्या मुलांचा अभ्यास आवडीवरून कसा बांधायचा

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर तासगाव तालुक्यात आम्ही दोघं-तिघं मिळून एक छोटं केंद्र चालवतो. येणारी मुलं चौदा ते अठरा वयाची. कुणी नववीत दांड्या मारता मारता पटावरून गेलं, कुणी दहावीला गणित-इंग्रजीत उडालं, एखादी मुलगी आई द्राक्षाच्या कामाला जाते म्हणून धाकट्यांना सांभाळायला घरी बसली. या सगळ्यांना दहावी हवी असते, पण परत वर्गात बसायचं नसतं. अलीकडं आसपासच्या तालुक्यांतून विचारणा होते: "सर, आम्हालाही असं काहीतरी सुरू करायचंय, तुम्ही नेमकं करता काय?" त्या सगळ्यांना एकदाच सांगतो.

यात आमची स्वतःची युक्ती थोडी, उसनवारी जास्त. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात डेनिस लिटकी आणि एलियट वॉशर या दोघांनी १९९६ मध्ये 'मेट' नावाची सरकारी हायस्कूल सुरू केली. तिथं पंधराएक मुलांमागं एक शिक्षक असतो, आणि चारही वर्षं तोच असतो. आठवड्यातले दोन दिवस मुलं शाळेत येतच नाहीत. आपापल्या आवडीचं काम करणाऱ्या एखाद्या माणसापाशी जातात. आणि आपलं जवळचं म्हणाल तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांना शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी आणि गृह-आरोग्य असं चारही अंगांचं काम हातानं करायला लावायचं आणि त्यातून विज्ञान शिकवायचं, ही त्यांची रीत. पाबळमध्ये सगळे सगळं करतात, मेटमध्ये प्रत्येकाचं वेगळं. मी पहिला महिना पाबळसारखा चालवतो आणि पुढची वर्षं मेटसारखी.

आवड विचारू नका, बघा

"तुला काय आवडतं?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारलात तर दोनच उत्तरं मिळतील. एक "माहीत नाही", आणि दुसरं तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी. पोराचाही दोष नाही. इतकी वर्षं शाळेत काढली, पण त्याला हे कुणी विचारलेलं नसतं.

त्यापेक्षा पहिला महिना पाठ्यपुस्तक काढूच नका. मुलांना घेऊन फिरा. आम्ही जातो ती ठिकाणं अशी: मोटर रिवायंडिंगचं (जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देणारं) दुकान, ट्रॅक्टरचं गॅरेज, बेदाण्याचं शेड आणि कोल्ड स्टोअरेज, अडत दुकान, दूध संकलन केंद्र, फ्लेक्स छापणारा, सुतार, द्राक्षाची नर्सरी, प्राथमिक आरोग्य केंद्र. एकेका ठिकाणी तास-दीड तास. या फेरीत तुम्ही धंद्याकडं बघू नका, पोरांकडं बघा. पुढं कोण सरकलं? वस्तू हातात घेऊन उलटी कुणी केली? निघायची वेळ झाली तरी मागं कोण रेंगाळलं? दूध केंद्रात फॅट लावणाऱ्या माणसाला "कमी लागली तर तुम्ही काय करता?" असं विचारणारं पोरगं फॅटबद्दल विचारत नसतं, न्यायाबद्दल विचारत असतं. ते वहीत लिहा. प्रत्येक मुलाची एक साधी शंभर पानी वही तुमच्याकडं हवी, आणि ती त्याला कधीही वाचता आली पाहिजे.

दुसरी चौकशी घरी करायची. आईला विचारा, "काय करत असला की जेवायला हाक मारली तरी उठत नाही?" बहुतेक आया आधी कपाळाला हात लावतात आणि "मोबाईल" म्हणतात. तिथं थांबू नका. मोबाईलवर काय? क्रिकेट बघणारा वेगळा, बिघडलेले मोबाईल उघडून दाखवणारे व्हिडिओ बघणारा वेगळा, आणि स्वतः रील कापून-जोडून गाणं चढवणारा अगदीच वेगळा.

मुलग्यांपैकी बरेच जण पोलीस भरती सांगतात. शहरातून आलेले पाहुणे त्यावर हसतात, ते मला पटत नाही. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं असतं. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. पहाटे पाच वाजता उठून पळणाऱ्या पोराकडं शिस्त आहे, आणि आकडे आहेत. दर ४०० मीटरला लागलेला वेळ टिपायला लावा, आलेख काढायला लावा, धाप लागते तेव्हा शरीरात काय होतं ते आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला विचारून यायला सांगा. भरतीला बारावी लागते, हे एकदा कळलं की दहावीचा विषय तुम्हाला काढावा लागत नाही.

काही मुलांत महिनाभरानंतरही काहीच दिसत नाही. ती बहुधा दमलेली असतात. घरचं काम, रात्रीचं पाणी धरणं, कधी घरातली भांडणं. त्यांच्यावर आवड लादू नका. केंद्रातलंच एखादं खरं काम द्या, म्हणजे सायकली दुरुस्त करणं, किराण्याचा हिशोब, भाजीचा वाफा, आणि थांबा. आमच्याकडचा एक मुलगा कितीतरी दिवस फक्त केंद्राची सायकल पुसायचा.

उस्ताद शोधायचा कसा

माझ्या मते या पद्धतीचा सगळा भार एका माणसावर असतो, आणि तो माणूस तुम्ही नाही. पोराला जे आवडतं ते करून पोट भरणारा कुणीतरी मोठा माणूस, मग तो मिस्त्री असो, दिवाणजी असो, नर्सरीवाल्या काकू असोत. आवड केंद्रात बसून पुस्तकातून वाढवायला गेलात की तिचा पुन्हा 'विषय' होतो, आणि विषयाला पोरगं कंटाळलेलंच आहे.

दुकानात जाताना पोराला बरोबर न्या, पण बोलणं त्यालाच करू द्या. आधी सराव घ्या. त्यानं एवढंच म्हणायचं: "मामा, मला हे काम बघायचंय. मंगळवारी आणि गुरुवारी येईन. पैसे नकोत. तुम्ही सांगाल ते करीन, पण मी प्रश्न विचारले तर चालतील का?" शेवटच्या वाक्यावर समोरचा हसला तर माणूस बरा. "प्रश्न कसले, काम कर" म्हणाला तर चहा घ्या आणि पुढच्या दुकानात जा. दुकानाच्या गर्दीचा वार आणि बाजाराचा दिवस टाळा. उस्तादाला बोलायला सवड नसेल तर पोरगं कोपऱ्यात उभं राहून परत येतं.

कायद्याचं भान ठेवा. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाला धोक्याच्या कामांना बंदी आहे. तुमचं पोरगं तिथं शिकायला जातंय, मजुरीला नाही, हे उस्तादालाही स्पष्ट सांगा आणि पालकांची लेखी संमती घ्या. आमचे नियम मिस्त्रीसमोरच वाचून दाखवतो: चालू लाईनला हात नाही, ग्राइंडर नाही, दुकानाच्या गाडीवर मागं बसून कुठं जायचं नाही. मुलगी असेल तर तिची आई आधी ते ठिकाण बघून येते, आणि पहिले काही दिवस केंद्रात शिकवणाऱ्या आमच्या ताई सोबत जातात.

झाडू मारणं, चहा आणणं हे होणारच; त्यात वाईट काही नाही, दुकानातले सगळेच ते करत आलेत. पण पंधरा दिवसांनी वहीत झाडू आणि चहाच असेल तर पोराला तिथून काढा. फुकटचा हेल्पर मिळाला म्हणून खूश असलेला दुकानदार लगेच ओळखू येतो. तो तुम्हाला पोराबद्दल काही सांगत नाही, फक्त "उद्या पण पाठवा" म्हणतो.

प्रश्न कसा धरायचा: एका तारेची गोष्ट

इथं जरा सविस्तर लिहितो, कारण लोक इथंच अडकतात. पोरगं दुकानात जायला लागलं, खूश आहे. आता त्यातून दहावीचं गणित कसं निघणार?

एक मुलगा मोटर रिवायंडिंगला जात होता. दहावीला गणितात दोनदा उडालेला. जळालेली पाच हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक मोटर दुकानात आली की मिस्त्री आधी जुनं वायंडिंग कापत नाही. स्लॉट किती, कॉइलला टर्न किती, कॉइल कितव्या स्लॉटमधून कितव्यात जाते आणि तार किती गेजची (गेज म्हणजे जाडीचा नंबर; नंबर जितका मोठा तितकी तार बारीक), हे सगळं तेलकट वहीत उतरवतो. तार मोजायचीही रीत असते: काडी ओढून तारेवरचं इनॅमल, म्हणजे वरचा लेप, जाळायचं, फडक्यानं पुसायचं, मग जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावायचा. इनॅमलसकट मोजलं तर गेज चुकतं. महिनाभरात तो मुलगा मायक्रोमीटर सफाईनं वाचायला लागला. दशांश अपूर्णांक येत नाहीत म्हणून जो शाळेत नापास झाला, तो ०.७११ हा आकडा न अडखळता सांगत होता.

एक दिवस १९ गेजची तार संपली. मिस्त्रीनं २२ गेजच्या दोन तारा एकत्र ओढून कॉइल भरली. पोरानं केंद्रावर येऊन सांगितलं, "सर, मामांनी दोन बारक्या तारा घेतल्या. पण १९ ची जाडी १.०१६ मिलिमीटर. तिच्या निम्मी म्हणजे ०.५०८, ती २५ गेजची. मग २५ च्या दोन घ्यायला पाहिजेत. मामा चुकले."

हा क्षण आला की तुमचं काम सुरू होतं, आणि पहिलं काम गप्प बसण्याचं. "अरे, क्षेत्रफळ असतं ना" असं म्हणून तुम्ही सूत्र सांगितलंत तर प्रश्न तुमचा झाला. मी त्याला पुठ्ठा आणि कात्री दिली. एक मिलिमीटरला दहा सेंटिमीटर असं प्रमाण धरायचं आणि प्रत्येक तारेच्या जाडीचा चौकोन कापायचा. तार गोल असते, चौकोनी नाही, हे त्यानंच मला सुनावलं. मी म्हटलं, सगळ्याच गोल आहेत ना, मग तुलनेला चौकोन चालतील का बघ. यावर तो बराच वेळ विचार करत बसला, आणि ते बसणं मला हवं होतं.

१९ चा चौकोन १०.२ सेंटिमीटरचा निघाला, २५ चा ५.१ चा. लहान दोन चौकोन मोठ्यावर ठेवले तर अर्धीच जागा झाकली. दोन नाही, चार लागले. मग त्यानं २२ गेजचे ७.१ सेंटिमीटरचे दोन चौकोन कापले. ते तसेच ठेवून बसेनात, बाहेर येऊ लागले. मी एवढंच म्हणालो, "कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काप." दोन चौकोनांचे चार त्रिकोण झाले. काटकोन मध्ये आणून ते जुळवले तर दहा सेंटिमीटरचा एक चौकोन उभा राहिला, १९ च्या चौकोनापेक्षा कडेनं एक-दीड मिलिमीटर कमी. मिस्त्रीची तार बरोबर होती. पोरानं मोबाईलवर १०.२ भागिले ७.१ करून बघितलं: १.४३ च्या आसपास. मग पुस्तक उघडून वर्गमूळ दोन दाखवलं, १.४१४. त्यानं कितीतरी वेळा पाठ केलेला आणि विसरलेला आकडा.

दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन दुकानात गेला. मिस्त्रीला कारण माहीत नव्हतं. "१९ ला २२ ची डबल" एवढंच त्याला त्याच्या उस्तादानं सांगितलेलं. मग दोघांनी मिळून वहीतली बाकीची जोडगणितं तपासली. एका ठिकाणी, १७ ला २० ची डबल, तांबं चांगलंच कमी पडत होतं. मिस्त्रीनं ते खोडलं नाही, पण शेजारी पेन्सिलनं फुली मारली.

तिथून पुढं धागा आपोआप निघतो. दुकानाचा अंदाज असा, की थ्री फेजला हॉर्सपॉवरमागं दीड अँपिअर; पाचच्या मोटरला साडेसात. दीडच का? एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, हे मोटरच्या प्लेटवरच्या ३.७ किलोवॉटवरून तो सांगू शकला. पण एका फेजला २४० व्होल्ट आणि दोन फेजमध्ये ४१५, दुप्पट ४८० का नाही, इथं तो थांबला. पुन्हा कागद. एका बिंदूतून १२० अंशांचा कोन करून बारा-बारा सेंटिमीटरच्या दोन रेघा, एक सेंटिमीटर म्हणजे वीस व्होल्ट. टोकापासून टोकापर्यंत पट्टी लावली: २०.८ सेंटिमीटर. म्हणजे ४१६ व्होल्ट. त्रिकोणमितीच्या धड्यात साठ अंशांपाशी बसलेलं वर्गमूळ तीन त्याला असं भेटलं.

प्रत्येक आठवड्यात असं काही घडत नाही. बरेचसे दिवस कोरडे जातात. पण महिन्यातून एखादा प्रश्न असा आला, आणि तुम्ही तो घाईनं सोडवून टाकला नाहीत, तर पुरतं. उलट "आज बाजारात गेलो, त्यावरून शेकडेवारी काढू" असल्या ओढून आणलेल्या उदाहरणांचा पोरांना चटकन वास येतो.

तुम्हाला मोटर कळत नसेल तर अडत नाही. मला वायरिंग येतं, बेदाण्यातलं शून्य कळतं. पट्टी, कोनमापक, वजनकाटा, साधा मल्टिमीटर, पुठ्ठा, एवढं केंद्रात असू द्या. बाकीचं ज्ञान उस्तादाकडं आहे.

एका पानाचा आराखडा

दर तीन महिन्यांनी मुलगा, घरचं कुणीतरी, उस्ताद आणि तुम्ही एकत्र बसा. उस्तादाला वेळ नसतो, तेव्हा त्याच्याच दुकानात बसा. एकच पान भरायचं: काय करणार, त्यातून काय तयार होणार, ते कोण बघणार, कधी. "मोटरबद्दल शिकणार" असं लिहिलं तर फाडा. "जळालेल्या मोटरींची नोंद करून त्या का जळतात ते शोधणार आणि शेतकऱ्यांसाठी एक पानी सूचना लिहिणार" हे चालेल. सिंगल फेजिंग (तीनपैकी एक फेज जाणं), कमी दाब, कोरडी चाललेली मोटर, घासलेलं बेअरिंग, हे सगळं त्यात येतं, आणि मराठीचं लेखनही येतं.

पान भरलं की मेटमधले पाच प्रश्न त्याला लावून बघा. माझ्या शब्दांत असे: हे खरं आहे हे मी कसं सिद्ध करणार? मोजणार आणि मांडणार कसं? माहिती घेणार कुठून आणि सांगणार कशी? यावर दुसऱ्या लोकांचं म्हणणं काय? आणि मी स्वतः यात काय घालणार? चौथा प्रश्न लोक सोडून देतात. मोटर का जळते यावर मिस्त्रीचं एक मत, वीज कंपनीच्या वायरमनचं दुसरं, आणि रात्री दोनला पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याचं तिसरंच. तिन्ही लिहून आणणं हा समाजशास्त्राचा चांगला धडा होतो.

परीक्षेचं काय

आवडीच्या नादात परीक्षा विसरणारी केंद्रं मी बघितली आहेत. मुलं आनंदात असतात आणि अठराव्या वर्षी हातात कागद नसतो. आमच्या भागात कागदाशिवाय चालत नाही. इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश घ्यायचा तर विज्ञान-गणितासह दहावी लागते.

रस्ते मुख्यतः दोन. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची असेल तर सतरा नंबरचा फॉर्म. ज्याचं थोडंच राहिलंय आणि जो एका दमात सगळे विषय पेलू शकतो त्याला तो बरा. बाकीच्यांना मी एनआयओएस सुचवतो, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो. पास व्हायला ३३ टक्के. गृहपाठासारखी लेखी कामं असतात, त्यांचे गुण धरले जातात. आधीच्या मंडळात पास झालेले जास्तीत जास्त दोन विषय वर्ग करून घेता येतात, तेव्हा जुनी मार्कशीट फेकून दिली असेल तर आधी ती शोधा.

विषय निवडताना दोन गोष्टी बघा: पोराला पुढं जिथं जायचंय तिथं कुठले विषय लागतात, आणि तो विषय मराठी माध्यमात आहे का. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र यांच्या जोडीला तिथं गृहविज्ञान, चित्रकला, लेखाशास्त्र, व्यवसाय अध्ययन, डेटा एंट्री असेही विषय आहेत. पहिली परीक्षा सगळ्यात आवडीच्या विषयाची देऊ द्या. दोनदा उडालेल्या पोराच्या हातात "उत्तीर्ण" असा एक शिक्का पडणं किती मोलाचं असतं, ते त्याच्या बापाचा चेहरा बघितल्यावर कळतं.

आणि जे आवडीतून निघत नाही ते सरळ शिकवा. इंग्रजीचं व्याकरण मोटरमधून काढायच्या फंदात पडू नका. रोज सकाळी पाऊण तास, फळा, वही, घोकंपट्टीसुद्धा. पोरांना खोटं आवडत नाही. "हे कंटाळवाणं आहे, पण परीक्षेला आहे, चल उरकू" हे त्यांना चालतं.

मांडणी

तीन महिने झाले की प्रत्येकानं केलेलं काम लोकांपुढं मांडायचं. अर्धा तास: पंधरा मिनिटं सांगणं, पंधरा मिनिटं प्रश्न. ऐकायला घरचं कुणीतरी, उस्ताद, दोन-तीन मुलं आणि एक पूर्ण परका माणूस. परका माणूस महत्त्वाचा, कारण तो मूर्ख वाटणारे प्रश्न विचारतो. पाहुण्यांना आधीच बजावा: "छान, छान" म्हणायचं नाही, टाळ्या शेवटी एकदाच. जे जमलं नाही तेही दाखवायचं. बिघडलेली कॉइल टेबलावर असलीच पाहिजे.

एक मुलगी अडत दुकानातल्या दिवाणजींकडं जायची. तिला सौद्याच्या आकड्यांचं भलतंच वेड. आई बेदाणा निवडायला शेडवर, त्यामुळं कानावर तेच. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. तिचा प्रश्न होता, नेमका चारच का, आणि कुणाला पावणेचार तर कुणाला साडेचार का लागतात? ताईंनी तिला पाणी वेगळं आणि गर वेगळा धरायला लावलं. द्राक्षात शंभरात बावीस भाग गर धरला आणि बेदाण्यात पंधरा भाग पाणी, म्हणजे पंच्याऐंशी भाग गर. किलोभर बेदाण्याला ८५० ग्रॅम गर हवा. तो यायला ८५० भागिले ०.२२, म्हणजे सुमारे ३.८६ किलो द्राक्ष. गोडी कमी, अठराच धरली, तर ४.७ किलो. तिनं तक्ता करून मांडला तेव्हा ऐकायला शेडवरच्या बायका होत्या. एकीनं विचारलं, "मग निवडताना जी काडी आणि खराब माल निघतो तो कुणाच्या हिशोबात?" याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. पुढच्या तीन महिन्यांचा आराखडा तिथंच ठरला. दहावीला तिनं लेखाशास्त्र घेतलं.

मांडणीनंतर तुम्ही लिहायचं, मार्क द्यायचे नाहीत. पण "प्रगती समाधानकारक" असलं लिहिण्यापेक्षा कोरं सोडलेलं बरं. मी लिहितो ते असं: "भागाकारात दशांश चिन्ह सरकवताना अडतो. मायक्रोमीटर वाचताना अडत नाही. पुढचा भागाकार तिथूनच घ्यायचा. लोक प्रश्न विचारतात तेव्हा मिस्त्रीकडं बघतो. एकदा मिस्त्री नसताना बोलायला लावायचं." हे वाचून उद्या काय करायचं ते मला कळतं, त्याला कळतं आणि आईला वाचून दाखवलं तर तिलाही कळतं.

आवड बदलली तर

बदलणारच, सोळा वर्षांची पोरं आहेत. आमचा नियम असा: हातातलं काम पुरं करायचं, मांडायचं, मग खुशाल दुसरीकडं. मध्येच सोडायचं नाही. बऱ्याचदा कंटाळा आलेला असतो तो कामाचा नाही, कामातल्या अवघड टप्प्याचा. तीन आठवडे नुसत्या कॉइल गुंडाळून बोटं सोलली की फोटोग्राफी फार आवडायला लागते. त्या तीन आठवड्यांत पोराला धरून ठेवणं हे तुमचं काम. पण काम पुरं करूनही जायचं म्हणाला तर अडवू नका, आणि "एवढं शिकवलं त्याचं काय" हे तोंडातून काढू नका. स्वतः उस्तादाला भेटून आभार मानायला मात्र त्यालाच पाठवा.

उस्ताद टिकवायचा असेल तर त्याला पैसे देऊ करू नका, बहुतेकांना ते आवडत नाही. मांडणीला मानानं बोलवा, पोरानं केलेल्या नोंदींची एक स्वच्छ प्रत दुकानात ठेवायला द्या, आणि पोरगं दहावी पास झालं की पेढे सगळ्यात आधी तिकडं. असं केलं की पुढच्या वर्षी तोच विचारतो, "सर, या वेळेस दोन पोरं द्या की." तेव्हा मोहात पडू नका. एका दुकानाला एकच पोरगं द्या. दोन दिले की ती दोघं एकमेकांशी बोलत बसतात, मिस्त्रीशी नाही.